जुन्या कॅराव्हॅन ट्रेलरची दर पावसाळ्यात त्याच कोपऱ्यातून होणारी गळती: मूळ कसं शोधायचं आणि कायमची दुरुस्ती कशी करायची

लक्षण ओळखीचं आहे. मे महिन्यात छतावरच्या सगळ्या सांध्यांवर सिलिकॉन ओढलं. जूनच्या पहिल्या सरी निभावल्या. जुलैत संततधार लागली आणि पलंगाच्या डोक्याशी, गेल्या वर्षीच्याच कोपऱ्यात, प्लायवर चहाच्या रंगाचा डाग उतरला. पुढच्या मे महिन्यात आणखी सिलिकॉन आणि जुलैत पुन्हा तोच डाग, फक्त या वेळी वीतभर मोठा.

लाकडी सांगाड्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा ठोकलेले जुने ट्रेलर मुंबई, वसई, पनवेल, अलिबाग पट्ट्यात हमखास या दुखण्याला सामोरे जातात. शूटिंगमधून निवृत्त झालेल्या व्हॅनिटी व्हॅनला कॅम्पिंगसाठी नवं रूप देणाऱ्यांनाही हेच भोगावं लागतं. सांताक्रूझला चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. २६ जुलै २००५ ला तर एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता. अशा पावसात सांध्यातली केसाएवढी फटही आठवडाभर सतत पाणी पीत राहते.

गळती परत येते याचं कारण साधं आहे. सांध्यावरची पट्टी, म्हणजे कोपऱ्यावरून जाणारी अ‍ॅल्युमिनियमची बीडिंग, ही नुसती टोपी असते. पाणी अडवण्याचं काम तिच्याखाली दाबून बसवलेली लांबी, म्हणजे फट बुजवणारी पुट्टी, करते. तीस-चाळीस वर्षांत ती वाळून बिस्किटासारखी कुरकुरीत झालेली असते. वरून सिलिकॉन भरणं म्हणजे फुटलेल्या कौलावर कागद चिकटवण्यासारखं आहे. पट्टी काढून, खालची लांबी खरवडून, नवी ब्यूटिल टेप (दोन्ही बाजूंनी चिकटणारी, मऊ रबरी पट्टी) घालून पट्टी परत बसवणं हीच दुरुस्ती. बाकी सगळी मलमपट्टी.

आधी खात्री करा: पाऊस, घाम की नळ?

ओल दिसली की पावसालाच दोष देऊ नका. पाऊस नसताना दोन दिवस पाण्याचा पंप चालू-बंद करून बघा. नळ बंद असताना पंप अधूनमधून आपोआप घुरघुरत असेल, तर दाब कुठेतरी सुटतोय आणि गळती नळाच्या जोडात आहे.

दुसरी शक्यता एसीची, आणि मुंबईत ती फार फसवी आहे. जुलैत बाहेरची हवा २७-२८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास असते. अशा हवेतली वाफ २५ अंशांच्या पृष्ठभागावरही पाणी होऊन बसते. आत एसी २२ वर असेल तर भिंतीच्या पोकळीत शिरलेली दमट हवा आतल्या प्लायच्या मागच्या बाजूला घाम धरते. डाग हुबेहूब गळतीचा दिसतो. चार दिवस एसी बंद ठेवा. पाऊस पडूनही डाग वाढला नाही तर तो घामच आहे. त्यावर उपाय म्हणजे भिंतीतल्या वायरींची आणि पाईपांची भोकं बुजवणं आणि एसी २५-२६ वर ठेवणं.

स्प्लिट एसी बसवला असेल तर तांब्याच्या पाईपाचं भोक मुद्दाम बघा. तिथे भरलेली पांढरी पुट्टी दोन उन्हाळ्यांत आकसते. त्यातच पाईप वरून खाली येत थेट भोकात शिरत असेल, तर पावसाचं पाणी पाईपाच्या काळ्या फोमवरून ओघळत सरळ भिंतीत जातं. पाईप भोकाच्या खाली १०० मिलिमीटर उतरवून, वळसा देऊन मग वर भोकात घ्या. पाणी वळशाच्या तळाशी ठिबकेल, आत येणार नाही.

डिसेंबर-जानेवारीत लोणावळा, इगतपुरीला मुक्काम केल्यावर सकाळी खिडक्यांच्या कडा ओल्या दिसल्या तर तो श्वासाचा दमटपणा. झोपलेली दोन माणसं रात्रभरात अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडतात. छताची खिडकी दोन बोटं उघडी ठेवली की ते थांबतं.

शिरकाव कुठून होतोय ते शोधणं

डाग जिथे आहे तिथून पाणी शिरत नाही. पत्र्याच्या आत आलेलं पाणी छताच्या वाशांवरून उताराच्या दिशेने पळतं आणि पहिला खिळा किंवा जोड लागला की तिथे ठिबकतं. मागच्या झरोक्याचं पाणी तीन मीटर प्रवास करून पुढच्या कोपऱ्यात उतरतं, असं सर्रास दिसतं. म्हणून आधी स्पिरिट लेव्हल ठेवून ट्रेलर कुठे कलला आहे ते बघा आणि डागापासून चढाच्या बाजूला शोध सुरू करा.

पाण्याने तपासताना आधी बाहेरची वीज काढा, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा, गॅसचा सिलिंडर बंद करा. आतल्या डागाभोवतीचा प्लायचा तुकडा उचकटता आला तर उत्तम. उघड्या लाकडावर खडूची पूड चोळा. पाणी जिथून जाईल तिथे पुडीत काळी रेघ उमटते आणि तिचा डोळ्यांनी वर वर माग काढता येतो. बागेचा पाईप हलक्या धारेवर ठेवा आणि खालून वर जा: आधी खिडकीची खालची कड, मग बाजू, मग वरची कड, मग कोपऱ्याची पट्टी, शेवटी छत. प्रत्येक जागेला १०-१५ मिनिटं द्या. वरून सुरुवात केली तर सगळंच एकदम भिजतं आणि काहीच कळत नाही.

याहून खात्रीची पद्धत हवेची. आतून हवा भरायची आणि बाहेरून साबणाचं पाणी मारायचं. जिथे बुडबुडे येतील तिथे फट. त्यासाठी:

- एक खिडकी पुठ्ठ्याने बंद करून त्यातून धूळ उडवायचा ब्लोअर आत लावा.
- फ्रिजची जाळी, सिंकचं ड्रेन, जमिनीतली भोकं, छताचे झरोके चिकटपट्टीने बंद करा. किती पट्ट्या लावल्या ते मोजून दारावर लिहा.
- गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल नळी घ्या. एक टोक आत, एक बाहेर, मध्ये पाणी. दोन्ही बाजूंच्या पातळीत ५ ते ८ मिलिमीटर फरक पडला की पुरे.

या मर्यादेचं कारण असं की १ मिलिमीटर पाण्याचा दाब म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर १ किलो. आठ चौरस मीटरच्या छतावर ८ मिलिमीटर दाब म्हणजे खालून ६४ किलोंचा रेटा. जुन्या खिळ्यांनी धरलेल्या पत्र्याला याहून जास्त देऊ नका.

काम संपल्यावर चिकटपट्ट्या मोजून काढा. जमिनीतली गॅसची भोकं उघडी राहिलीच पाहिजेत. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो आणि त्याच भोकांतून बाहेर पडतो. गळती बंद करण्याच्या भरात ही भोकं कायमची सील केलेले ट्रेलर आढळतात. ते जिवाशी खेळणं आहे.

स्क्रू काय सांगतो

संशयित पट्टीतली रबराची पट्टी ओढून काढा. आत स्क्रूंची रांग दिसेल. प्रत्येक स्क्रू हाताच्या पेचकसाने काढून एका जुन्या कापडावर क्रमाने मांडा. आता टोकं बघा. डोकं चकचकीत आणि टोक गंजून बारीक झालेलं असेल, तर त्या जागी लाकूड आतून ओलं आहे. डोकं गंजलेलं आणि टोक कोरडं, म्हणजे पाणी वर साचलं पण आत गेलं नाही. स्क्रू न फिरवताच बोटांनी निघून आला तर तिथे लाकूड उरलेलंच नाही. वीस स्क्रूंच्या रांगेत सहावा ते अकरावा गंजलेले दिसले की गळतीची लांबी आणि जागा दोन्ही हातात आल्या. कुठलंही यंत्र इतकं स्वच्छ सांगत नाही.

ओलावा मोजायचा मीटर वापरत असाल तर एक ध्यानात ठेवा. बाहेरच्या देशांतल्या माहितीत १५ टक्क्यांच्या वर म्हणजे ओल असं धरलेलं असतं. आपल्याकडे ऑगस्टमध्ये ठणठणीत लाकूडही १६ ते १८ दाखवतं, कारण हवाच तेवढी दमट असते. म्हणून आधी कपाटाच्या आतली, नक्की कोरडी जागा मोजा आणि संशयित आकडा तिच्याशी ताडा. चार-पाच टक्क्यांचा फरक म्हणजे गळती. आकडा २० च्या पुढे सतत राहिला की बुरशी लाकूड खायला लागते.

जुनं सिलिकॉन काढणं: सगळ्यात कंटाळवाणं, सगळ्यात महत्त्वाचं

सिलिकॉनवर काहीही चिकटत नाही. नवं सिलिकॉनसुद्धा धड चिकटत नाही. त्यामुळे आधीच्या वर्षांचे थर पूर्ण निघाले नाहीत तर पुढचं सगळं काम वाया जातं. शिवाय स्वस्तातलं, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना आम्ल सोडतं आणि पत्रा व स्क्रू दोन्ही खातं.

प्लास्टिकच्या पात्याने जाड थर काढा. लोखंडी पातं पत्र्यावर ओरखडे पाडतं आणि समुद्रकाठच्या हवेत प्रत्येक ओरखडा पांढऱ्या पुडीने भरतो. वाळलेल्या लांबीला टर्पेंटाईन लावून दहा मिनिटं मुरू द्या, मग खरवडा. सिलिकॉनच्या पातळ थराला सिलिकॉन रिमूव्हरच लागतो. शेवटी आयसोप्रोपाईल अल्कोहोलने पुसा, दर हातभर अंतराला कापड बदला. मग त्या जागेवर पाण्याचा फवारा मारा. पाणी सलग पसरलं तर पत्रा स्वच्छ. कमळाच्या पानावर जमतात तसे थेंब जमले तर सिलिकॉन अजून आहे, परत पुसा.

एम-सीलसारखी एपॉक्सी पुट्टी इथे वापरू नये. न हलणाऱ्या पाईपावर ती चांगली, पण ट्रेलरचा सांधा प्रत्येक खड्ड्यात हलतो आणि टणक पुट्टी कडेने सुटते. गच्चीचं वॉटरप्रूफिंग रंगासारखं फासणंही टाळा. त्याने भेगा झाकल्या जातात आणि पुढच्या वेळी मूळ सापडत नाही.

कुजलेलं लाकूड

पेचकसाचं टोक रुतेल तिथपर्यंत लाकूड गेलं असं समजा आणि त्याच्या पुढे आणखी १५० मिलिमीटर कापा. बुरशीचे धागे दिसतात त्यापेक्षा लांब गेलेले असतात. मूळ सांगाडा बहुतेक वेळा पाईनचा आणि पाऊण इंच बाय दीड इंचाच्या आसपास असतो. त्याच मापाचं वाळलेलं पाईन वापरा. साग टिकतो, पण बराच जड. एखाद्या कोपऱ्यात चालेल, पूर्ण छतावर नको.

नव्या आणि शेजारच्या जुन्या लाकडाला बोरिक-बोरॅक्स लावा: २ लिटर कोमट पाण्यात ८० ग्रॅम बोरिक पावडर आणि १२० ग्रॅम बोरॅक्स. ब्रशने दोन हात, मध्ये एक दिवस. बुरशी आणि वाळवी दोन्हींपासून संरक्षण मिळतं. आतल्या भिंतीसाठी प्लाय आयएस ७१० शिक्क्याचाच, म्हणजे मरीन प्लाय, घ्या, ४ मिलिमीटरचा. साधा एमआर (फक्त ओलसर हवा सोसणारा) प्लाय मुंबईच्या दमटपणात दोन पावसाळ्यांत फुगतो. प्लाय पाणी कडेतून पितो, त्यामुळे कापलेल्या कडांना एपॉक्सीचे दोन हात देऊनच बसवा. पावसाळ्यात हे काम करू नका. ओलं लाकूड आत कोंडलं की वरून सांधा कितीही उत्तम बसवा, आतली कुज चालूच राहते. उघडणं, कापणं, वाळवणं नोव्हेंबर ते फेब्रुवारी. टेप आणि सीलंट मार्च ते मेच्या मध्यापर्यंत. मुंबईत मोसमी पावसाची नेहमीची तारीख ११ जून असली तरी वळीव त्याआधीच गाठतो.

टेप, स्क्रू आणि आवळण्याची रीत

४.८ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि साधारण २ मीटर उंच ट्रेलरला लागणारं सामान:

- ब्यूटिल टेप, २० मिलिमीटर रुंद, ३ मिलिमीटर जाड: दोन्ही बाजूंच्या कोपरा-पट्ट्यांना १८ मीटर, चार खिडक्यांना १२, दाराला ५, झरोक्यांना ३, म्हणजे वाया जाणारी धरून ४० मीटर.
- एमएस पॉलिमर सीलंट (सुकल्यावरही रबरासारखं लवचिक राहणारं): ३०० मिलिलिटरच्या नळकांड्यातून ५ मिलिमीटरची रेघ साधारण १५ मीटर जाते. तीन नळकांडी पुरतात.
- स्टेनलेस स्क्रू, ३०४ ग्रेडचे. गोराई, मढ, अलिबागसारख्या ठिकाणी ट्रेलर राहत असेल तर ३१६. जुने ८ नंबरचे असतील तर ढिल्या भोकांसाठी १० नंबर.
- नवी रबराची पट्टी, स्क्रूच्या खाचेचं माप घेऊन.

स्क्रू आणि रबर मुंबईतल्या नागदेवी स्ट्रीटला मिळतात. जाताना जुना नमुना खिशात ठेवा. टेप घेताना फसू नका. आरसे चिकटवायची दुहेरी फोम टेप आणि ब्यूटिल टेप वेगळ्या. ब्यूटिलचा तुकडा ओढला की च्युइंगगमसारखा ताणतो आणि बोटाला चिकटतो, फोम फाटतो. गच्चीसाठी मिळणारी चंदेरी फॉइलची टेप एकाच बाजूने चिकटते, ती पट्टीखाली चालत नाही.

पट्टीच्या मागे टेप लावा, भोकांवरूनच जाऊ द्या. जोड देताना कौलांचा नियम पाळा: वरचं टोक खालच्या टोकावर. त्यामुळे खालून सुरू करून वर या. प्रत्येक स्क्रूचं टोक सीलंटमध्ये बुडवा. यामुळे भोक बंद होतं आणि स्टेनलेसचा अ‍ॅल्युमिनियमशी खाऱ्या ओलाव्यातून संपर्क येत नाही. तसा आला तर भोकाभोवतीचा पत्रा झिजतो. मधल्या स्क्रूपासून दोन्ही टोकांकडे, आधी सगळे अर्धे आवळा, मग पूर्ण. हातानेच. ड्रिल मशीनने आवळलं की पातळ पत्र्याला प्रत्येक स्क्रूभोवती वाटीसारखा खळगा पडतो आणि पाणी नेमकं तिथे साचतं. टेप दोन्ही कडांनी सारख्या जाडीने बाहेर आली की थांबा. दोन दिवस ऊन खाऊ द्या, परत पाव फेरा आवळा, मग बाहेर आलेली टेप प्लास्टिकच्या पात्याने कापा.

सीलंटची रेघ फक्त पट्टीच्या वरच्या कडेला. भर दुपारी पत्र्याला हात लावता येत नाही तेव्हा ती ओढू नका, सकाळी दहाच्या आत ओढा, आणि पहाटेचं दव पुसल्यावर.

खिडक्यांची गोष्ट निराळी. चौकटीखाली टेप चारही बाजूंनी हवी, पण बाहेरून सीलंट फक्त वर आणि दोन्ही बाजूंना. खालच्या कडेची बारीक भोकं मोकळी हवीत, कारण काचेच्या रबरातून झिरपलेलं पाणी तिथूनच बाहेर जातं. चारही बाजू बुजवलेली खिडकी पाणी आत साठवते आणि खालची चौकट कुजवते. तारेने भोकं दरवर्षी साफ करा.

छतावर चढताना पाय थेट पत्र्यावर ठेवू नका. १२ मिलिमीटर प्लायची दोन बाय चार फुटांची फळी वाशांवर आडवी टाका.

सगळं नीट करूनही तोच सांधा उघडत असेल तर

मग दोष सांध्यात नाही, खाली आहे. पेन्सिलने पट्टीवरून पत्र्यावर जाणाऱ्या आडव्या रेघा मारा, दर फुटाला एक. ट्रेलर नेहमीच्या रस्त्याने वीसेक किलोमीटर ओढा, खड्डे आणि गतिरोधक यांसकट. परत येऊन रेघा बघा. तुटून एक मिलिमीटरपेक्षा जास्त सरकल्या असतील, तर सांगाडा हलतोय. ३ मिलिमीटरच्या फटीत भरलेलं, २५ टक्के ताण सोसणारं सीलंट पाऊण मिलिमीटरच्या आसपास हालचाल झेलतं. त्याहून जास्त ते झेलणार नाही.

अशा वेळी खाली वाकून हे बघा: चासीवर घर धरणारे बोल्ट ढिले आहेत का, भिंतीखालचं आडवं लाकूड, ज्यावर सगळी भिंत उभी असते, भुसभुशीत आहे का, हिचच्या (गाडीला जोडायच्या आकड्याच्या) मागे चासीच्या वेल्डजवळ रंग तडकून गंजाची रेघ दिसते का, पाट्याच्या स्प्रिंगची बुशं संपली आहेत का. कोपऱ्यातले जॅक हेही मोठं कारण. ते ट्रेलर डगमगू नये म्हणून असतात, उचलण्यासाठी नाहीत. एका कोपऱ्याचा जॅक चढवून ट्रेलर समतल केला की चासी पिळते आणि समोरचा वरचा सांधा उघडतो. समतल करायचं ते चाकांखाली फळ्या घालून, जॅक नंतर नुसते टेकवायचे.

पावसाळ्यात उभा ठेवताना

निळी ताडपत्री थेट छतावर बांधू नका. वाऱ्याने ती पत्र्यावर घासते, टेपच्या कडा उचकटते आणि खाली ओल कोंडते. पाईपाची चौकट करून छतापासून एक फूट वर ताणा, बाजू मोकळ्या ठेवा. पर्जन्यवृक्षाखाली किंवा गुलमोहराखाली लावू नका, त्यांची बारीक पानं पन्हळीत अडकून पाणी पट्टीवर चढवतात. ट्रेलरला ज्या टोकाला जोड आणि झरोके कमी, त्या बाजूला दोन-तीन इंचांचा उतार द्या, म्हणजे छतावर तळं साचणार नाही. गाद्या घरात न्या, कपाटांची दारं उघडी ठेवा, वीज जोडलेली असेल तर ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, हवंच.

दर पंधरा दिवसांनी, मोठ्या पावसानंतर लगेच, जुन्या डागाची कड पेन्सिलने आखून तारीख लिहा. ऑक्टोबरात शेवटची रेघ जूनच्या रेघेवरच असेल तर त्या सांध्याला हात लावायचं कारण नाही. पुढची पट्टी घ्या.